मोजायची दोरी

आमच्या घरामागून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, जाणारी जांभ्याची पाखाडी आहे. तिच्या एकशे बारा पायऱ्या. पावसाळ्यात सकाळी त्यांतल्या खालच्या चाळीसच दिसतात, बाकीच्या धुक्यात जातात. मास्तर रोज साडेसहाला त्या पायऱ्या चढायला लागायचे, आणि त्यांच्यापुढे चार हात अंतरावर ती चढत असायची. आधी ती धुक्यात नाहीशी व्हायची, मग दोरी, मग मास्तर. खाली परसात उभ्या असलेल्या मला नंतर फक्त आवाज ऐकू यायचा, रबरी पट्टे दगडावर घासल्याचा. मी आवाजावर मोजायची. आता सत्तरावी, आता नव्वदावी. एकशे बारावीनंतर आवाज बंद व्हायचा, कारण वर कातळावर गवत आहे.

मास्तरांची आठवण आली की आधी हेच दिसतं, आणि त्यात ते स्वतः नसतातच. असतं ते धुकं आणि त्यात शिरत जाणारी दोरी.

ती म्हणजे मास्तरांनी बनवलेलं यंत्र. लांबी दोन फूट एक इंच, रुंदी सोळा इंच, वजन साडेअकरा किलो. वजन मी आमच्या तांदळाच्या काट्यावर स्वतः केलं होतं. दरड कोसळली, घर बसलं, की ढिगाऱ्यातल्या ज्या फटीत माणूस जाऊ शकत नाही त्या फटीत तिने शिरायचं, आत कोणी जिवंत आहे का ते शोधायचं आणि बाहेरच्यांना कुठे खणायचं ते दाखवायचं, एवढं तिचं काम. तिला ऊब दिसायची आणि बारीक आवाज ऐकू यायचा. मागे तीस मीटरची दोरी. दोरीच्या पोटातून तार गेलेली, तिच्यावरून आतलं चित्र आणि आवाज एका पत्र्याच्या डब्यातल्या छोट्या पडद्यावर यायचे. दर मीटरला एक गाठ. किती गाठी आत गेल्या ते मोजलं की ती किती आत आहे ते कळायचं.

तिला चालवायला हातात काही नव्हतं. बटण दाबून सोडून द्यायची, पुढचं तिचं ती ठरवायची. लोकांना हे पटायचं नाही.

"मास्तर, रिमोट करा की एखादा. पोरांच्या गाडीला असतो तसा."

"ढिगाऱ्याच्या आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का?"

"नाय."

"मग तुम्ही कुठे वळवणार तिला?"

वाडीने तिचं नाव कुर्ली, म्हणजे खेकडा, ठेवलं. तिचा डावा पट्टा सैल पडायचा, त्यामुळे सरळ सोडली तरी ती हळूहळू डावीकडे सरकायची. मास्तरांना हे नाव आवडत नसे. त्यांच्या तोंडी ती नुसती 'ती' असायची.

मास्तर सरकारी कार्यशाळेत जोडारीकाम, म्हणजे फिटरचं काम, शिकवून निवृत्त झालेले. देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. आमच्या परसातला मांगर, लाकूडफाटा ठेवायची खोपी, रिकामा होता, तो त्यांनी मागितला, आणि आठ वर्षं राहिले. मी प्राथमिक शाळेत शिकवते. ते मला बाई म्हणायचे, मी त्यांना मास्तर. आमची दोस्ती झाली ती आकड्यांवरून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "बाई, या वाडीत घरं किती?"

"एकेचाळीस. चोवीस चालू, सतरा बंद."

ते थबकले. इतकं चटकन उत्तर त्यांना आजवर कुठे मिळालं नसावं. पण कुटुंबांची पाहणी दर वेळी आम्हा शिक्षकांच्याच गळ्यात पडते, त्यामुळे कुठल्या घरात किती माणसं हे मला तोंडपाठ असतं. आणि बंद घरं तर माझ्याच भिंतीवर होती. माणसं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला यायची. जाताना चाव्या आमच्याकडे ठेवायची. पडवीत फळीवर सतरा खिळे, प्रत्येक खिळ्याखाली मी रंगाने आकडा घातलेला. रोज सकाळी सव्वासहाला चहा ठेवला की माझी नजर फळीवरून फिरते. सतरा. मग दिवस सुरू होतो.

गणपतीच्या आधी ही घरं पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीतली सुलू उघडायची. चावी न्यायची, झाडायची, पोतेरं फिरवायची, जळमटं काढायची आणि संध्याकाळी चावी परत खिळ्याला.

मास्तरांनी एका उन्हाळ्यात वाडीचा नकाशा करायला घेतला. वही आणि शिसपेन्सिल घेऊन ते घरोघर जायचे आणि बायकांना विचारायचे, "तुम्ही झोपता कुठे?"

पहिल्या दिवशी दोन घरांतून त्यांना हाकललं. तिसऱ्या घरी सुलू अंगण सारवायला आलेली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, वय काय, इचारताव काय?"

मास्तर गडबडले नाहीत. "रात्री कुठे झोपता, दुपारी कुठे टेकता, पाऊस जोराचा असला की कुठे बसता, एवढंच हवंय. घर पडलं तर कुठे शोधायचं ते ठरवायला."

"आमचं घर पाडताव होय आता?"

सगळ्या हसल्या. पण त्या घरातली म्हातारी चुलीपुढून उठून आली आणि बोटाने दाखवत गेली. मी इथं, लेक इथं, गाय व्याली की आठ दिवस गोठ्यात. मास्तरांनी सगळं लिहून घेतलं. निघताना सुलूला विचारलं, "तुझं?"

"माजं काय लिवणार? आज हिच्या घरात, उद्या तिच्या. परवा मुंबयवाल्यांच्या बंद घरात."

संध्याकाळी वही घेऊन ते आमच्या पडवीत आले. चोवीस घरांचे चौकोन, चौकोनात खोल्या, खोल्यांत टिंबं. मी माणसं मोजून पाहिली, माझ्या आकड्याशी जुळली. मास्तर मात्र खूश नव्हते. "बाई, ती एक बाई माझ्या नकाशात बसत नाही," म्हणाले. आणि उरलेल्या सतरा घरांचे चौकोनही त्यांनी काढले, आत काही न लिहिता. मी म्हटलं, बंद घरात शून्य लिहा. त्यांनी लिहिलं नाही. माझ्या स्वतःच्या वहीत मात्र प्रत्येक बंद घरासमोर शून्य होतं. रकाना मोकळा सोडायची मला सवय नाही.

"तुम्ही नावं मोजता," ते म्हणाले, "मी ऊब मोजतो. माणूस ऊब सोडतो आणि आवाज सोडतो. तिसरं काही सोडत नाही."

या उबेवरून त्यांची एकदा फजिती झाली. तालुक्याच्या गावी अधिकाऱ्यांपुढे यंत्र दाखवायचं होतं. मैदानात फळ्या, पत्रे, विटा रचून खोटा ढिगारा केलेला, आत एक स्वयंसेवक झोपवलेला. मास्तरांनी तिला सोडली. तिने ढिगाऱ्याला वळसा घातला, खुर्च्यांच्या रांगेखालून गेली, मांडवाच्या मागे भजी तळत होते तिथे शेगडीपुढे जाऊन थांबली, आणि तिच्या पोटात भरून ठेवलेला मास्तरांचा आवाज आला, "आपण अडकला असाल तर कृपया एकदा ठोका." भजीवाल्याने झारा आपटला. सगळं मैदान हसलं. अधिकारी डोळे पुसत निघून गेले. परतीच्या गाडीत मला फार वाईट वाटत होतं. मास्तर खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, "सगळ्यात जास्त ऊब तिथेच होती. ती चुकली नाही. आता तिला शेगडी कुठली आणि माणूस कुठला ते शिकवलं पाहिजे." मग भजीची पुडी उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली.

पुढे ते शिकवणं दोन वर्षं चाललं. तव्यापासून, म्हशीपासून, उन्हात तापलेल्या पाथरीपासून माणूस वेगळा ओळखायचा. आमच्या सासूबाई त्यासाठी घोंगडी पांघरून परसातल्या गवतगंजीमागे बसून राहायच्या. त्यांना कमी ऐकू येतं, पण बोलतात ठणठणीत. यंत्राच्या पोटातलं ते 'आपण अडकला असाल तर' त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "मास्तर, असं पुस्तकातलं बोललात तर मेलेला पण उत्तर द्यायचा नाय. आमच्यासारखं बोला."

"तुम्ही कसं म्हणाल?"

"मी म्हणेन, कोण हाय काय गो आत?"

मास्तरांनी ते लिहून घेतलं. मांगरात बसून ते वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल. मी वह्या तपासत असायची, बाहेर पागोळ्या गळत असायच्या, आणि मांगरातून कोणीतरी दूरच्या, न दिसणाऱ्या बाईला हाक मारत असायचं. कोण हाय काय गो आत? घाबरू नको. कधी कधी मला ती हाक झोपेत ऐकू यायची, आणि उत्तर द्यावंसं वाटायचं.

गुरुवारचा प्रकार असाच. दर गुरुवारी चार वाजता मास्तर वाडीच्या मधल्या पारावर उभे राहायचे आणि उजवा हात वर करायचे. म्हणजे पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. ढिगाऱ्यातला आवाज नखाएवढा असतो, वर माणसं ओरडत असली तर तो तिला कसा ऐकू येणार, म्हणून हा सराव. पहिले कित्येक गुरुवार कोणी गप्प बसलं नाही. कोणीतरी मुद्दाम खोकायचं, कोणाचा कोंबडा आरवायचा. पूर्ण शांत असायचे एकटे आबा, वरच्या ओळीतल्या दुसऱ्या घरातले. ते पाराला टेकून झोपलेले असायचे. मास्तर म्हणायचे, "आबांनी सराव मनावर घेतलाय." पण वर्षं गेली तशी गंमत जिरली. चार वाजले, हात वर झाला, की बायका घागर खाली ठेवायला लागल्या. त्या पाच मिनिटांत पऱ्याचं पाणी इतकं स्पष्ट ऐकू यायचं की ते आपल्या आतूनच चाललं आहे असं वाटायचं.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. सड्यावर फुलं आली होती, पांढरी बारीक, आणि ती त्यांतून जात होती. मी दोरी धरली होती. माझे आकडे चुकत नाहीत म्हणून दोरी त्यांनी माझ्याकडेच सोपवलेली. ती एका कपारीकडे वळली, मला वाटलं अडकेल, म्हणून मी दोरी ओढली.

"बाई, दोरी मोजायला आहे. ओढायला नाही."

"अडकली असती."

"अडकू दे. तिला काय दिसलं ते आपल्याला दिसलेलं नाही."

मग थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या घरावर दरड आली तेव्हा मी कामावर होतो. आवस, माझी आई, घरात होती. ती माजघरात बसते हे सगळ्या गावाला माहीत. दोन दिवस माजघर खणलं. तिसऱ्या दिवशी गोठ्यात सापडली. गाईचं दावं सोडायला गेली असणार." ती कपारीतून बाहेर आली, पट्ट्यांना फुलं चिकटली होती. मास्तरांनी ती एकेक करून काढली. पुन्हा हा विषय निघाला नाही.

श्रावणातला शनिवार, गणपतीला सोळा दिवस. पाऊस चार दिवस लागून होता. शाळा सकाळची, पण मी तक्ते भरायला मागे थांबले होते. दोन वाजून दहा मिनिटांनी जमिनीतून आवाज आला, मोठा नव्हे, कोणीतरी खोल घसा साफ केल्यासारखा. मी घरी न जाता तशीच वरच्या ओळीकडे धावले.

वरच्या ओळीत तीन घरं. पहिल्याचा गोठा गेला होता, माणसं बाहेर. दुसऱ्याचा मागचा अर्धा भाग चिखलाखाली. डावीकडचं तिसरं बंद घर मुंबईवाल्यांचं. त्याचं छप्पर जोत्यावर बसलं होतं आणि कौलांवरून लाल माती अजून सावकाश सरकत होती, दूध उतू जाताना सरकतं तशी. धुकं इतकं होतं की त्या सगळ्याला आवाजच नाही असं वाटत होतं. मी वही काढली. पहिलं घर पाच, दुसरं तीन, तिसरं शून्य. आठ. बाहेर उभी माणसं मोजली. सात. आबा नव्हते.

आबांची सून चिखलात गुडघे टेकून हाताने उकरत होती. "आबा माज्यासमोर जेवून आत गेले वो!"

तीनच्या सुमाराला बचाव पथक आलं. दहा जण. वाटेत झाड पडलं होतं, ते कापून आले. त्यांच्या प्रमुखांचा आवाज बसलेला होता, पण माणूस सरळ. त्यांनी मास्तरांकडे आणि तिच्याकडे पाहिलं. "हिला चालवणार कोण?"

"ती चालते," मास्तर म्हणाले.

प्रमुखांनी डोंगराकडे पाहिलं, वेळ घालवला नाही. "सोडा."

मी दोरी धरली. ती आबांच्या पडवीतून आत शिरली. एक गाठ, दोन, तीन. चौथ्या गाठीला दोरी डावीकडे वळली.

"झालं! कुर्ली वाकडी चालली," मागून कोणीतरी म्हणालं.

डावीकडे काय होतं? बंद घर. माझ्या वहीत शून्य. आबा उजवीकडे, मागच्या खोलीत, नकाशातही टिंब तिथेच. मी दोरी ओढली. ती मागे आली, थांबली, पुन्हा डावीकडे निघाली. मी पुन्हा ओढली, जोराने. मास्तर डब्यातल्या पडद्यावर छत्री धरून बसले होते. मान वर करून एवढंच म्हणाले, "बाई, दोरी मोजायला आहे."

"मास्तर, आबा उजवीकडे आहेत!" मी ओरडले. त्या आठ वर्षांत मी त्यांच्यावर तेवढंच एकदा ओरडले. मी तिला ओढून उंबऱ्यापर्यंत आणली आणि हाताने तिचं तोंड उजवीकडे फिरवलं. ती गेली. दोन गाठी उजवीकडे, आणि मग पुन्हा डावीकडे.

त्याच वेळी खालच्या पाखाडीवरून एक छत्री वर येताना दिसली. छत्रीखाली आबा होते. हातात पिशवी, डोळ्यांवर चष्मा.

"काय झाला रे माज्या घराला?"

मग सून उठली, चिखलाच्या हातांनीच त्यांच्या दंडाला धरून हलवायला लागली. "कुठं गेला व्हतात? सांगून जायला काय झालं व्हतं तुमाला?"

"पालीला. चष्म्याची दांडी मोडली व्हती. तू झोपलेलीस गो."

लोक हसायला लागले, रडायलाही. आठ. माझा आकडा पुरा झाला. वर डोंगरातून पुन्हा तो घसा साफ केल्याचा आवाज आला आणि प्रमुखांनी शिट्टी वाजवली. सगळे खाली. मग ते माझ्याकडे वळले. "बाई, आकडा पक्का? आत कोणी नाही ना? नाहीतर मी माझी माणसं इथे ठेवत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. पक्का म्हटलं असतं तर शोध संपला असता. मी तोंड उघडलं. माझ्या हातात दोरी होती, आणि ती हळूच, अगदी हळूच ताणली जात होती. डावीकडे.

"बाई," मास्तर म्हणाले, "डावा पट्टा मी गेल्या रविवारी बदलला. ती आता सरळ चालते."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"चाव्या किती आहेत?"

"सतरा. सकाळी सव्वासहाला पाहिल्यात."

"आत्ता?"

आत्ता मी इथे होते. घरी सासूबाई होत्या. सव्वासहानंतर नऊ तास गेले होते आणि त्या तासांबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी जे पाठ म्हणत आले ते सगळं सव्वासहाचं होतं.

"पक्का नाही," मी म्हटलं. आणि दोरी सैल सोडली.

प्रमुख थांबले. "दहा मिनिटं," म्हणाले.

गाठी माझ्या बोटांतून जायला लागल्या. सात, आठ, नऊ. आबांच्या भिंतीच्या भगदाडातून ती पलीकडे गेली. दहा. अकरा. मास्तर उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

शनिवार होता. तरीही सगळी वाडी गप्प झाली. आबांच्या सुनेने पदर तोंडात धरला, पथकातली माणसं जागच्या जागी थांबली. फक्त पऱ्या वाहत होता. बारा. तेरा. चौदाव्या गाठीला दोरी थांबली. आणि कौलांखालून, मातीखालून, फार लांबून मास्तरांचा आवाज आला. मास्तर तर माझ्या शेजारी उभे होते, ओठ मिटून.

"कोण हाय काय गो आत? घाबरू नको. मी मास्तरांचा यंत्र. एकदा ठोक."

काही नाही. पाऊस. मग पुन्हा तीच हाक.

आणि डब्यातून आवाज आला. टक्.

पडद्यावर काळोखात काहीतरी उजळ उमटलं, आधी डागासारखं, मग त्याला बोटं फुटली. पाच. कोणीतरी आपला हात तिच्या पाठीवर ठेवला होता.

सुलूला बाहेर काढेपर्यंत पाच वाजून वीस मिनिटं झाली. पथकाने बाजूने, चौदाव्या गाठीच्या सरळ रेषेत कौलं काढली. वासा तिच्या पायावर पडला होता, पाय दोन ठिकाणी मोडला, पण श्वास चालू होता. झोळीतून नेताना ती मास्तरांना म्हणाली, "मना वाटला, तुमीच शिरलाव आत."

यंत्र मात्र वाशाखाली अडकलं होतं. ओढलं असतं तर सगळंच खाली बसलं असतं, आणि डोंगर थांबायला तयार नव्हता. पथकातला एक जण तरीही वाकला. मास्तरांनी खिशातली पक्कड काढली, माझ्या हाताजवळ दोरी धरली आणि कापली. पडद्यावर त्या क्षणापर्यंत रिकामी, अजून थोडी ऊब असलेली जागा दिसत होती. ती गेली. "चला," ते म्हणाले. आम्ही खाली आलो आणि चाळीस-पन्नास पावलांवर मागे वळून पाहिलं तर तिथे धुकंच होतं. रात्रीतून ते घर पूर्ण गेलं.

घरी येऊन मी पहिल्यांदा फळीकडे गेले. चौदावा खिळा रिकामा.

"सकाळी आठला सुलू घेऊन गेली की," सासूबाई म्हणाल्या. "यंदा लवकर काढलान पोतेरं. तुला सांगायचा राह्यला."

मास्तर दारात उभे होते. मी त्यांना सांगितलं की मी हिशेब केला आहे. दोनदा ओढलं, मग परत आणून फिरवली, सगळी मिळून अकरा मिनिटं माझ्यामुळे गेली. सुलू अकरा मिनिटं जास्त आत होती.

त्यांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्याकडे दोन दिवस गेले होते, बाई." आणि मांगराकडे गेले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी जागा सोडली. हेदवीच्या बाजूला कुठलीशी डोंगरातली वाडी होती, तिथल्या कोणीतरी बोलावलं होतं. दुसरी बनवायला घेतली असं ऐकलं. आणि घरोघर जाऊन बायकांना झोपता कुठे ते विचारतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन ठिकाणांहून हाकललं, असंही ऐकलं. सुलूच ही बातमी घेऊन आली. ती आता जरा लंगडत चालते आणि चावी नेताना मला स्वतः, मोठ्याने सांगते, "बाई, चौदा नंबर नाय, तो गेला. नऊ नंबर घेतलाय. मी नऊ नंबरात हाय." मी घड्याळ बघून वहीत लिहिते. आता बंद घरासमोर मी शून्य लिहीत नाही. तो रकाना मोकळा असतो.

उरलेली दोरी माझ्याकडे आहे. सोळा गाठी. चौदाव्या खिळ्याला आता चावी नाही, म्हणून तिथे ती टांगली आहे. श्रावणात सकाळी धुकं पडवीपर्यंत येतं, पाखाडीच्या चाळीस पायऱ्यांपुढे काही दिसत नाही, आणि चहाला आधण यायला अजून वेळ असतो. तेव्हा मी कधी कधी दोरीचं कापलेलं टोक बोटांत धरते. वर कुठेतरी, डोंगराच्या आत, कोणीतरी हळूच डावीकडे वळतं आहे असं वाटतं.

मी ओढत नाही. सैल सोडते आणि थोडा वेळ गप्प उभी राहते.